मावशीच्या तोंडची परवानगी

माझी मावशी नवऱ्याला ‘अहो’ म्हणायची आणि त्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावून कामाला जायची. यात तिला काही विचित्र वाटत नसे. आमच्या अख्ख्या वस्तीलाच वाटत नसे, आणि माझं डोकं फिरतं ते तिथेच.

साथीने फक्त पुरुषांना धरलं. माझे वडील गेले, भाऊ गेला, शेजारचे गेले, बस डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर तर एकामागून एक गेले. आमच्या घरात मावशीचा नवरा, म्हणजे आमचे काका, तेवढे वाचले; वस्तीत आणखी मोजके. का वाचले ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

मग सगळी कामं बायकांनी अंगावर घेतली आणि झकास केली. त्याबद्दल मी कुणाचं वावगं ऐकून घेणार नाही. मावशी आधी डेपोच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. बस बंद पडून राहिल्या, तेव्हा पदर खोचून तीच पहिली बसखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरली. चुकत माकत, शिव्या घालत शिकली आणि डेपोची मुख्य मेकॅनिक झाली. घरी आली की रॉकेलने हात धुवायची, तरी नखांत ग्रीस राहायचंच. काका म्हणायचे, “तुझ्या हातची पोळी खाल्ली की पोटाचे सांधे कुरकुरत नाहीत.” ती लाटणं उगारायची, आणि दोघंही हसत सुटायची. प्रेम होतं हो त्यांच्यात. नसतं तर मला एवढा राग आला नसता.

काका शिंपी. मेलेल्या ड्रायव्हरांच्या पँटी डेपोत गठ्ठ्याने पडल्या होत्या. त्या उसवून, कंबर आत घेऊन, बाजूंना पट्टी जोडून त्यांनी नव्या ड्रायव्हरणींना शिवून दिल्या. शिवताना ते सांगत, “ही त्या बडबड्याची. याच्या खिशात कायम शेंगदाण्याची टरफलं.” ओळखीची माणसं मांडीवर घेऊन ते दिवसभर कुलपाआड बसत.

वाचलेल्या पुरुषांना जपायचं असं वस्तीमंडळाने ठरवलं होतं. घरातली कर्ती बाई म्हणजे घरकरीण. तिची परवानगी असेल तरच पुरुषाने बाहेर पडायचं. काही पुरुष ‘तिने सांगितलंय’ अशी थाप मारून सटकू लागले, तेव्हा भर सभेत मावशीच उठली. म्हणाली, “घरकरणीने स्वतःच्या तोंडाने फाटकावरच्या दारवालीला सांगितलं तरच सोडायचं.” टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे साथ गेली, तिची भीतीसुद्धा गेली. नियम मात्र घोरपडीसारखा चिकटून बसला.

“तुम्हाला चीड कशी येत नाही?” मी एकदा काकांना विचारलं.

“चिडून जाऊ कुठे? दारापर्यंत?” ते म्हणाले. मग सुईत दोरा ओवता ओवता थांबले. “माझ्या आईला बाजारात जायचं तरी वडिलांना विचारावं लागायचं गं. मी शेजारीच जेवत असायचो. माझ्या घशात कधी घास अडकला नाही.”

“म्हणून आता त्याची फेड करताय?”

“छे. तेही चूक होतं, हेही चूक आहे. कुलूप आतून बघितल्यावर कळलं, एवढंच.”

त्या दिवशी डेपोत जॅक सरकला आणि बस मावशीच्या छातीवर बसली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती, पण तोंडात नळी घातलेली. नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, “ज्यांना भेटायचंय त्यांना लवकर आणा.” मावशीने माझ्याकडे बघून अंगठा आणि बोटाची चिमूट केली आणि हवेत सुईत दोरा ओवला. काकांना आण, असंच ती म्हणत होती. तिच्या डगल्याच्या खिशातली किल्ली घेतली आणि मी घराकडे धावत सुटले.

काकांनी धुतलेला शर्ट घातला. आम्ही वस्तीच्या फाटकाशी आलो. तिथे दारवाली उभी. पूर्वी ती शाळेत कवायत घ्यायची, म्हणून आम्ही तिला शिट्टीबाई म्हणायचो.

“घरकरणीची परवानगी?” ती म्हणाली.

“घरकरीणच मरायला टेकलीय,” मी म्हणाले. “तिनेच बोलावलंय.”

“तिच्या तोंडून ऐकायला हवं.”

“तोंडात नळी आहे तिच्या.”

तिने दवाखान्यात फोन लावला. पेशंट मान हलवून ‘हो’ म्हणतेय, असं नर्सने सांगितलं. शिट्टीबाईचा चेहरा खरंच पडला. “मान हलवलेली चालत नाही गं. नियम तुझ्या मावशीचाच आहे.”

मी वस्तीमंडळाच्या अध्यक्षीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “भावना समजते. पण एकाला सोडलं की उद्या सगळे मागतील. सकाळी तातडीची सभा घेते.” म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. मी काकांचा हात धरून घुसायला गेले, तर बायकांनी वाट अडवली. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी, कुणी पदराने वारा घालायला लागली. “काकांना धक्का लागेल, जपून.” सगळ्या इतक्या मायेने वागत होत्या की कानाखाली वाजवायची तर कुणाच्या, तेच समजेना. काका कुणाशी भांडले नाहीत. आल्या-गेल्या प्रत्येकीला ते एकच सांगत होते, “ती वाट बघतेय हो.”

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. मावशी गेली होती.

सकाळी सभा झाली नाही. तिची गरजच उरली नव्हती. अध्यक्षीणबाई घरी आल्या, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, “आता जवळची बाई तूच, म्हणजे त्यांची घरकरीण तूच. तू हो म्हण, ते अंत्ययात्रेला येतील. आमची काही हरकत नाही.”

मावशी जिवंत असताना जे मिळालं नाही, ते ती मेल्यावर माझ्या हातात आणून ठेवत होत्या, आणि वर मी आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा होती. काकांनी आमच्या दोघींकडे पाहिलं, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागले. मी मागोमाग गेले.

फाटकाशी शिट्टीबाईने माझ्याकडे बघितलं. “परवानगी दिलीस ना?”

“मी कोण देणारी?” मी म्हणाले.

ती गोंधळली. मग तिने हलकेच काकांचं कोपर धरलं. आवाज अगदी मऊ होता तिचा. “काका, असे एकटे कुठे निघालात?”

“काल जायचं होतं तिथे,” काका म्हणाले, आणि तिचा हात कोपरावरून काढला.