खरवसाने फ्रीज मरत नाही

केजच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवले. नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत आठवीच्या मुलांना एक उदाहरण हटकून देत असे. गरम खरवसाचे पातेले फ्रीजमध्ये ठेवले की आतल्या नळीतला वायू एकदम फुगतो आणि फ्रीज कायमचा मरतो. फळ्यावर बाणांसकट आकृतीही काढत असे. ते उदाहरण खोटे होते. ज्यांनी वहीत उतरवून घेतले असेल त्यांनी खोडून टाकावे.

खरे घडले ते असे. मे महिन्यातली दुपार होती. बायकोची धाकटी बहीण सकाळीच युसूफ वडगावहून जीपने आली होती. तिच्याकडे मेंढरे आहेत, एक म्हैसही आहे. म्हैस नुकतीच व्यालेली, म्हणून आक्कासाठी चिकाची किटली घेऊन आली. सोबत तिची दहा वर्षांची पोरगी. ती आल्यापासून फ्रीजचे दार उघडून गार वारा खात उभी. जेवणे झाल्यावर तिघी कूलरपुढे आडव्या झाल्या आणि मला लिंबाच्या सरबताची लहर आली.

बर्फाचा ट्रे फ्रीजरमध्ये बर्फातच रुतून बसला होता. हलवून पाहिला, हलेना. मी पेचकस आणला, बर्फ खरवडला आणि ठोकू लागलो. तिसऱ्या ठोक्याला आतून फुस्स असा आवाज आला, सायकलच्या ट्यूबमधून येतो तसा, आणि बराच वेळ येतच राहिला.

काय झाले ते मला लगेच कळले. माझ्या शिक्षणाचा त्या दिवशी तेवढाच उपयोग झाला. भोक बुजवायला हाताशी होती ती परीक्षेच्या गठ्ठ्यांना सील करायची लाल लाख. मेणबत्तीवर वितळवली, भोकावर ओतली आणि घाईत अंगठ्याने दाबली. अंगठा चांगलाच भाजला. वायू तोवर निघून गेला होता. मी रिकाम्या नळीला सील ठोकून मोकळा झालो.

संध्याकाळी मेव्हणीने खरवस केला आणि वाफाळते पातेले तसेच फ्रीजमध्ये ठेवले.

"निवू दे की गं आधी," बायको म्हणाली.

"निवायलाच ठिवलंय की आक्का."

सकाळी दूध नासले होते आणि बर्फाचे पाणी फरशीवर आले होते. दोघी बहिणी फ्रीजपुढे उभ्या राहून माझ्याकडे पाहू लागल्या. घरात काहीही बिघडले की मलाच विचारायची पद्धत होती.

खरे बोलायला अर्धे मिनिट पुरले असते. मी पंधरा मिनिटे बोललो. वायू सांगितला, दाब सांगितला, एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढून दाखवली. समोर खरवसाचे पातेले होते. बोलता बोलता मी त्यातला खातही होतो.

माझे संपल्यावर बायको बहिणीला म्हणाली, "तुला मेंढरं वळायचीच अक्कल हाय. फ्रीज उघडायची न्हाई."

मेव्हणीने पोरीच्या पायात चपला घातल्या, रिकामी किटली उचलली. दारात तिची नजर माझ्या हातावरच्या चिंधीवर गेली.

"दाजी, अंगठ्याला काय झालं वो?"

"चहाचं भांडं लागलं," मी म्हणालो.

त्यानंतर दोघी बहिणी तेरा वर्षे एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मेकॅनिकला मी घरात येऊच दिले नाही. आठ दिवसांत भंगारवाला गाठला. माल कुठे जातो, असे सहज विचारल्यासारखे विचारले. तो म्हणाला, "गेवराईकडं." गेवराई म्हणजे पार गोदावरीचा काठ. तिथून काही परत येत नाही, असे मी स्वतःला समजावले.

इथेच आयुष्य काढून एक गोष्ट मी विसरलो होतो. आमच्याकडे टाकलेली वस्तू भंगारात फार दिवस पडून राहत नाही. आमच्या शेजाऱ्याच्या जुन्या कूलरमध्ये आज कोंबड्या अंड्यांवर बसतात. गल्लीच्या कोपऱ्यावर थंडीत शेकोटी पेटते ती वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये. भोके आयतीच असतात, वारा छान लागतो. माझ्याच टीव्हीच्या खोक्यात मारुतीच्या देवळामागे एक कुत्री दोनदा व्याली.

यंदा मेव्हणीच्या त्या पोरीचे लग्न ठरले. साडूने फोन करून मला एकट्यालाच बोलावले. घरात पाऊल टाकले आणि समोर माझा फ्रीज उभा. घेतला तेव्हा बायकोने तैलरंगाने दारावर काढलेले स्वस्तिक जसेच्या तसे. भंगारवाला गेवराईला गेलाच नव्हता. त्याने मोटार तेवढी काढून घेतली आणि सांगाडा साडूच्या गळ्यात मारला. मेव्हणीने त्याचे कपाट केले. उंदीर शिरत नाही, मुंगी शिरत नाही. आत गूळ होता, शेंगदाणे होते, लग्नाच्या साड्या होत्या.

"दाजी, पत्रिका वर फ्रीजरमधी हायेत," मेव्हणी म्हणाली. "तुमच्याच हातानं काढा."

मी झाकण उघडले. पत्रिकांचा गठ्ठा बाजूला केला आणि मागे लाखेचा लाल गोळा दिसला. त्यावर माझा अंगठा, रेघन् रेघ उमटलेला.

"मी चौथी शिकले, पण सही करते," ती म्हणाली. "आपल्या घरात अंगठा लावणारे तुमी एकटेच."

साडू पत्र्याकडे बघत तंबाखू मळत राहिला.

"कधीपासून माहीत हाय?" मी विचारले.

"ह्यो घरात आला, पुसायला घेतला, तवापासून."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"कुनाला सांगू? आक्का म्हनली असती, माझ्या नवऱ्यावर आळ घ्यायली. तुमी मास्तर मानूस. मला वाटलं आज सांगताल, उद्या सांगताल. पोरगी नांदायला निघाली की वो दाजी."

तिने पत्रिकेवर हळदकुंकू लावून ती माझ्या हातात दिली.

"हळदीला मावशी पायजे. त्येवढी आना. कशी आनायची ते तुमचं इज्ञान."

घरी आलो तेव्हा बायको तूर निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सुरुवात केली, "फ्रीजमधला वायू हा मुळात..."

"सरळ बोला," ती म्हणाली.

मी सरळ बोललो. पेचकस, लाख, अंगठा, सगळे सांगितले. ती खडे वेचत राहिली. सूप निम्मे झाल्यावर तिने एकच विचारले.

"त्या दिवशी बोलता बोलता खरवस किती खाल्लात?"

"दोन वाट्या."

"तीन," ती म्हणाली आणि पदर खोचून उठली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपमध्ये होतो. मेव्हणीच्या घरात शिरल्यावर बायकोने आधी स्वस्तिकावरून हात फिरवला. मग दार उघडून आत नजर टाकली. मेव्हणी चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

"गूळ खालच्या कप्प्यात ठेवत असतेत का?" बायको म्हणाली. "साड्यांना चिकटंल की."

"तुझा फ्रीज हाय का आता त्यो?" मेव्हणी न वळताच म्हणाली.

"स्वस्तिक कुनाचं हाय?"

मग दोघी रडल्या. मी आणि साडू म्हैस बघायला गेलो.

हळदीच्या चार दिवस आधीपासूनच मावशी हजर होती. हळदीच्या दिवशी घरात बायकांची रांग लागली होती. ती नवरीच्या खोलीकडे नव्हती, फ्रीजकडे होती. मेव्हणी झाकण उघडून दाखवायची आणि माझी बायको बाकीचे सांगायची. सांगताना ती माझ्यासारखे हातवारे करून वायू कसा फुगतो तेही करून दाखवत होती, आणि पोरगी, अंगाला हळद लागलेली, हसून हसून पाटावरून घसरत होती.

दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा घर रिकामे पाहून मी खिशातला पेचकस काढला. फ्रीजर उघडून लाखेला टोक लावले. खरडून काढायला दोन मिनिटे पुरली असती.

"अहो," मागून बायको म्हणाली. "एकदा खरवडलंत तेवढं बास."