गोष्ट सांगणारीचा वाटा

तिने आपल्या ढिगातले पाच फर्मे उचलले, माझ्या ढिगावर ठेवले आणि म्हणाली, "घे. गोष्ट सांगणारीचा वाटा हाय."

खोलीत आणखी चार बायका होत्या. एकीचाही हात हलेना. मी त्या पाच फर्म्यांकडे बघत बसले. सगळ्यांत वरच्या पानावर एक मुंगी होती. तिच्या डोक्याला लाल फडकं बांधलं होतं आणि ती मान वर करून एका हमालाला काहीतरी विचारत होती. चित्राखाली माझं नाव होतं. ते तिला वाचता येत नव्हतं, पण त्याची गरज नव्हती. मुंगीला लाल फडकं तिनेच बांधलं होतं, याच खोलीत, माझ्यासमोर.

शनिवार पेठेतल्या एका बाइंडिंगमध्ये मी एकवीस वर्षं काम केलं. छापखान्यातून मोठे छापील कागद यायचे, त्यांना फर्मे म्हणतात. एका फर्म्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात. काम हाताचं, डोकं रिकामं. म्हणून कुणीतरी गोष्ट सांगायची. पण सांगणारीचे हात मंदावतात आणि मजुरी तर फर्म्यांवर. त्यावर आम्हीच तोड काढली होती. जी गोष्ट सांगेल तिच्या ढिगावर बाकीच्यांनी आपले घडी घातलेले पाच-पाच फर्मे ठेवायचे. मालकाला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्याने गोष्टींच्या विरुद्धही एक पाटी लावली असती.

बहुतेक वेळा तीच सांगायची. आम्ही तिला वहिनी म्हणायचो. नवरा मार्केट यार्डात हमाल होता. दोघं गावाकडून येऊन आंबेडकरनगरात राहिली होती. शाळा तिने बघितलीच नव्हती. मी चौथीपर्यंत शिकलेली, नीट लिहितावाचता येणारी तिथे एकटीच, म्हणून फर्म्यांची पानं लागोपाठ लागली आहेत की नाहीत ते बघायचं काम माझ्याकडे होतं आणि त्याची मला थोडी घमेंडही होती.

तिची मुंगीची गोष्ट अशी. गुळाच्या ढेपेत बसून एक मुंगी यार्डात येते. ढेप विकली जाते. मुंगीला परत घरी जायचं असतं, पण गूळ कुठून आला ते तिला माहीत नसतं. मग ती हमालांसारखं डोक्याला लाल फडकं बांधते आणि एकेकाला विचारत फिरते, "दादा, ह्यो गूळ कुठला?" नवरा घरी जे सांगे ते दुसऱ्या दिवशी मुंगीच्या वाट्याला येई. मिरचीच्या गाळ्यात मुंगी शिंकून शिंकून हैराण झाली. संपाच्या दिवशी उपाशी राहिली. पोत्याखाली सापडून तिचा एक पाय गेला, तेव्हा आमच्यातली एक रडली होती. वहिनी तिला म्हणाली, "अगं, पाच राहिलेत अजून. तुला तर दोनच हायेत, तरी रोज येतीस की कामाला." चार वर्षं ती गोष्ट चालली होती.

त्या सुमारास सगळंच बदलत होतं. छापखान्यात खिळे जुळवणारे म्हातारे घरी बसले आणि कॉम्प्युटरवर पानं लावणारी पोरं आली. लोक मुलांना इंग्रजी शाळेत घालायला लागले आणि मुलांना मराठी येत नाही म्हणून हळहळायलाही लागले. त्या हळहळणाऱ्यांसाठी एका प्रकाशकाने रंगीत चित्रांची पुस्तकं काढायची ठरवली. त्यांच्याकडच्या संपादक बाई एकदा कामासाठी आमच्याकडे आल्या आणि मालक बाहेर गेला होता म्हणून बसून राहिल्या.

त्या दिवशी वहिनी आली नव्हती. नवऱ्याची पाठ धरली होती. बाकीच्या म्हणाल्या, तू सांग मुंगीची. मी सांगितली. पहिल्यापासून, नीट, पाय तुटला तिथपर्यंत. माझ्या ढिगावर वीस फर्मे आले.

संपादक बाई उठून जवळ आल्या. "आजवर ही गोष्ट कुठे ऐकली नाही. तुम्ही रचलीत?"

मी म्हटलं, "आमच्या इथलीच आहे."

"म्हणजे तुमचीच ना?"

"हो."

एवढंच. कुणी माझा गळा धरला नव्हता. चौघी जणी खाली मान घालून घड्या घालत होत्या. त्यांना वाटलं, मी नंतर सांगेन. मलाही तसंच वाटलं होतं.

मी शाळेच्या वहीत गोष्ट लिहून दिली. बाईंनी वाचली, म्हणाल्या, "छान आहे. पण शेवट कुठे आहे? मुलांना शेवट लागतो." शेवट नव्हताच. मी दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता तो लिहिला. एक ड्रायव्हर रिकामा ट्रक घेऊन गावी निघतो, त्याच्या ट्रकला उसाचा वास येतो, मुंगी त्यात चढते आणि घरी पोचते. बाई खूश झाल्या.

पुस्तक निघायला सहा महिने गेले. सहा महिने मी वहिनीच्या शेजारी बसत होते. तिने मुंगीची गोष्ट काढली की मीही माझे पाच फर्मे तिच्या ढिगावर ठेवत होते. रोज म्हणायचे, उद्या सांगू. रंगीत पुस्तकांचं काम दुसरीकडे मशिनवर जायचं, त्यामुळे ते तिच्या हातात पडणार नाही याची मला खात्री होती. बाकीचं मी गृहीत धरलं होतं. वाचता येत नाही, तिला काय कळणार. हे मी असंच्या असं मनात म्हटलं होतं. आज ते लपवण्यात अर्थ नाही.

दिवाळीच्या तोंडावर तिकडचं मशिन बंद पडलं आणि मुंगीच्या पुस्तकाचे फर्मे आमच्याकडे आले.

पाच फर्मे ठेवल्यावर ती शांतपणे पुढच्या घड्या घालायला लागली. मी म्हटलं, "वहिनी, मी सांगणारच होते."

"सांगितलंस की. सगळ्या पुण्याला सांगितलंस."

मग तिने शेजारणीला म्हटलं, "वाच गं, तुला येतंय ना थोडं. बघू काय लिवलंय लेखिकाबाईंनी."

ती शेजारीण अडखळत वाचत गेली. वहिनी मध्ये मध्ये मान डोलवत होती, एकदा हसलीसुद्धा. ट्रक आला तशी तिची घडी थांबली. मुंगी घरी पोचली. शेजारीण म्हणाली, "संपली."

"संपली?" वहिनी म्हणाली. मग पुढचा फर्मा ओढून घेत, "बरं."

त्यानंतर तिने बाइंडिंगमध्ये एकही गोष्ट सांगितली नाही. कुणी म्हटलं तर म्हणायची, "आता छापील मिळत्यात. तिला विचारा." माझ्याशी भांडली नाही. चहा आला की माझा कप माझ्याकडे सरकवायची. एकीने घरून रेडिओ आणला. दोन वर्षांत मालकानेही घड्या घालायचं मशिन घेतलं आणि आम्हाला घरी बसवलं. वहिनी यार्डात लसूण निवडायला गेली. मी लेखिका झाले.

आणखी चार पुस्तकं झाली. ती माझी स्वतःची आहेत आणि ती कुणी मागत नाही. सगळ्यांना मुंगीच हवी असते. हिंजवडीकडच्या एका शाळेने मला बोलावलं होतं, न्यायला गाडी पाठवली होती. एक मुलगी उभी राहिली. "आजी, तुम्हाला ही आयडिया कशी आली?"

मी म्हटलं, "मार्केट यार्डात फिरताना सुचली."

तोवर मी यार्डात एकदाही गेले नव्हते. भाजी मी मंडईतून आणते.

पाचव्या आवृत्तीच्या वेळी मी संपादक बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या पानावर त्यांचं नाव घालू. काय नाव त्यांचं?"

मला सांगता येईना. एवढी वर्षं मांडीला मांडी लावून बसले, आणि वहिनीच्या पुढे मला काही माहीत नव्हतं.

तेव्हा मी यार्डात गेले. गाळे विचारत विचारत तासाभराने ती सापडली. लसणाच्या ढिगाशी बसली होती, केस पांढरे झालेले. मला बघून म्हणाली, "ये. पोतं झटकून बस, साडी चांगली दिसतीया."

मी आल्याचं कारण सांगितलं. ती निवडत राहिली.

"नाव कशाला?"

"गोष्ट तुमची आहे म्हणून."

"माझी मुंगी घरी जात नव्हती गं. तिला न्यायची नव्हतीच मला. रोज नवरा काही घेऊन यायचा, रोज मी तिला कुठंतरी धाडायची. तू तिला पोचवलीस. त्या दिवशी घरी गेल्यावर ह्यांनी विचारलं, आज काय झालं मुंगीचं? मी म्हटलं, गेली ती गावाला. त्यानंतर त्यांनी यार्डातलं काही सांगितलं न्हाई आणि मी इचारलं न्हाई. ते गेले, त्याला आता तीन वर्षं होतील."

मी म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं."

"चुकलं तर हाय. पण नाव नको. ती पुस्तकातली तुझी हाय." मग हात झटकून म्हणाली, "लसूण घेऊन जा जरा. गावरान हाय."

मी परत येऊन बाईंना सांगितलं, त्या नको म्हणतात. बाईंनी विचारलं, "पुन्हा एकदा विचारून बघता का? किंवा नाव न घालता दोन ओळी लिहू, गोष्ट कुणाकडून आली ते." मी म्हटलं, राहू द्या, त्यांना आवडणार नाही. तिने नाही म्हटलं ते मला सोयीचं होतं. दोन ओळींनी तिचं काही बिघडलं नसतं. बिघडलं असतं ते माझं.

पाचवी आवृत्ती तशीच निघाली. पुढच्याही. मी पुन्हा यार्डात गेले तेव्हा तिच्या जागेवर दुसरी बाई बसली होती. तिने सांगितलं, त्या वारल्या, पावसाळ्यात. नाव मी तेव्हाही विचारलं नाही.

मुंगीची गोष्ट तिने रचली, मी तिचा शेवट केला आणि माझं नाव घातलं. मी चौथी शिकलेली, एकवीस वर्षं फर्म्यांना घड्या घातलेली बाई आहे. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे, आणि हे मी केलेलं आहे.