आईनं पाखडलेले एकॉर्न

२००४ सालच्या सप्टेंबरात माझी आई पहिल्यांदा अमेरिकेत आली आणि तिसऱ्या आठवड्यातच कंटाळली. सॅक्रामेंटोजवळच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन वाळवायचं. "मला काहीतरी काम दे गं," ती म्हणायची. म्हणून लेकीच्या चौथीच्या वर्गाची सहल निघाली, तेव्हा मी मुलांना न्यायला गाडी काढली आणि आईलाही सोबत घेतलं.

सिएरा पर्वताच्या पायथ्याशी मिवोक या तिथल्या मूळनिवासी लोकांची जुनी वस्ती होती. तिथल्या सपाट कातळाला ठिकठिकाणी वाटीएवढे खळगे पडलेले. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तिथे बसून एकॉर्न, म्हणजे ओकच्या बिया, कांडल्या होत्या. सत्तरीच्या एक मिवोक बाई जीन्स आणि स्नीकर्स घालून मुलांना तेच काम दाखवत होत्या.

बिया फोडून झाल्या. आतली लालसर साल उडवायला त्यांनी एक पसरट टोपली मुलांकडे दिली. निम्म्या बिया जमिनीवर.

"अगं, सांडतंय सगळं!" म्हणत आई सरळ पुढे गेली. पदर खोचला आणि टोपली मागून घेतली. टोपली गोल, आईला सवय सुपाची. पहिल्या झटक्याला चार दाणे उडाले. मग तिनं मनगट जरा वळवलं, आणि साल वाऱ्यावर, दाणे टोपलीत.

बाईंनी हातातला दगड खाली ठेवला. "कुठे शिकल्या या?"

"घरी," मी म्हणाले. "तांदूळ पाखडायची."

"त्यांना सांग, माझ्या नातींना अजून हे जमत नाही."

आई म्हणाली, "त्यांना सांग, माझ्या मुलीलाही जमत नाही."

मी तेही इमानदारीत सांगितलं. सगळ्यात जोरात माझीच लेक हसली.

बिया कांडून केलेलं पीठ धुऊन झाल्यावर बाईंनी ते पाण्यासकट घट्ट विणलेल्या टोपलीत घातलं आणि त्यात विस्तवातले तापलेले दगड सोडले. टोपलीतलं पाणी खळखळ उकळताना बघून आईनं गालावर हात ठेवला. ती लापशी तिनं दोनदा मागून घेतली.

इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशीपासून ती समोरच्या पार्कमधून पिशव्या भरभरून एकॉर्न आणायला लागली. चौथ्या दिवशी नवरा चहा करायला गेला आणि किंचाळला. ओट्यावर पांढऱ्या अळ्या फिरत होत्या. उरलेल्या बिया आईनं मिक्सरमधून काढल्या, दोन पाण्यांनी धुतल्या आणि त्यांची घावनं घातली. पहिल्याच घासाला आमच्या जिभा आखडल्या.

"आजी, धिस इज पॉयझन!" लेक म्हणाली.

"काहीतरी चुकतंय," आई म्हणाली. "मला परत त्या बाईंकडे ने."

शनिवारी गेलो. अळ्यांची हकिकत ऐकून बाई डोळे पुसत हसल्या. "आधी पडतात ते किडके असतात. ते आम्ही हरणांना सोडतो. चांगले गोळा करून वर्षभर वाळवायचे. आणि कडूपणा जाईपर्यंत पाणी घालत राहायचं, कितीही वेळ लागो."

"वर्षभर?" आई म्हणाली. "माझा व्हिसा सहा महिन्यांचा आहे!"

त्यावर बाईंनी गाडीतून आपले मागच्या वर्षीचे एकॉर्न काढले आणि दोघी कातळावर कांडायला बसल्या. तासाभरात मी दोघींनाही नकोशी झाले, म्हणून लेकीला घेऊन ओढ्यावर गेले. परत आले तर वाळूत केलेल्या खळग्यात पीठ पसरलेलं, आणि दोघी आपापल्या भाषेत वाद घालत होत्या. आई तांब्यानं उंचावरून पाणी ओतत होती. बाई मध्ये सीडरच्या झाडाची डहाळी धरत होत्या, पिठाला भोक पडू नये म्हणून. शेवटी आईनं तांब्या खाली घेतला.

परतताना गाडीत ती म्हणाली, "लहानपणी असं पाणी ओतलं की त्यांना त्यांची आई रागवायची."

"तुला कसं कळलं?"

"त्यांनीच सांगितलं की."

आईला इंग्रजीतलं 'थँक्यू' सोडून काही येत नव्हतं. फेब्रुवारीत ती परत जाईपर्यंत आम्ही तिथे आणखी चार वेळा गेलो.