कौसल्याबाईंचे छप्पन्न

फुलसावंगीच्या कौसल्याबाई पाईकराव यांचा बुद्ध्यंक छप्पन्न आहे, अशी नोंद पुसदच्या एका निवड समितीच्या दप्तरी आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे ज्याचा आकडा इतका खाली, त्याला शाळेत शिकवणे दूरच, शाळेत शिकणेही जड जावे. ती नोंद माझ्याच हातची आहे. तिच्यावर हसणारे प्रतिष्ठित लोक अजून हयात असल्यामुळे ती कशी झाली हे सांगणे मी आवश्यक समजतो.

कौसल्याबाई लग्नाआधी चौथीपर्यंत शिकल्या होत्या. पुढे पाटी सुटली आणि निंदणाचे विळे हाती आले. छप्पन्न साली त्यांचे सासरे देवराव, बाईंच्या भाषेत मामाजी, नागपूरला गेले, दीक्षा घेऊन परतले आणि देव्हारा रिकामा करताना सुनेला म्हणाले, "इथं आता तुही पुस्तकं ठेव." बाईंनी ते शब्दशः पाळले. त्या कोनाड्यातल्या पुस्तकांवर त्यांनी सातवीची परीक्षा दिली, उत्तीर्ण झाल्या आणि गावच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर तात्पुरत्या शिक्षिका म्हणून लागल्या. त्रेसष्ट साली हुकूम आला की, प्रशिक्षण नसलेल्यांना कामावर ठेवता येणार नाही. यवतमाळच्या प्रशिक्षण वर्गात जायचे तर स्थानिक समितीची शिफारस हवी. ती मिळाली तर बाई कायमच्या शिक्षिका होणार होत्या. न मिळाली तर जूनपासून पुन्हा दुसऱ्याच्या शेतात निंदायला.

समितीचे अध्यक्ष भगवानराव. त्यांची पुसदला कापसाची जिनिंग होती आणि शिक्षणाशी त्यांचा संबंध देणगीपुरता. मी बी.ए., बी.टी.; माझ्यापेक्षा कनिष्ठ माणूस माझा मुख्याध्यापक झालेला; समितीत मला स्थान होते ते केवळ अक्षर चांगले म्हणून. भगवानरावांनी त्या सुमारास कुणाच्या तरी व्याख्यानात ऐकले होते की, पुढारलेल्या देशांत शिक्षक बुद्ध्यंक पाहून निवडतात. त्यांनी मला कागदावर एक रकाना वाढवायला सांगितला.

"पण मोजणार कोण?" मी विचारले.

"मोजायचं काय त्यात? सुशिक्षित लोक येतील, विचारलं की सांगतील. माझाच घ्या. एकशे पंचेचाळीस."

"कुठे मोजला?"

"नागपूरला. कॉलेजात असताना." चाचणी कोणती, हे मी विचारले. ते म्हणाले, "इंग्रजी."

मुलाखती सुरू झाल्या. पहिल्या उमेदवार लीलाबाई गोंधळल्या, तेव्हा भगवानरावांनीच शंभर म्हणजे सामान्य असा खुलासा केला. मग लीलाबाईंनी एकशे दहा सांगितले. त्या बाहेर येताच ही बातमी ओसरीवर पसरली. पुढच्या बाईंनी एकशे वीस सांगितले, त्यानंतरच्या बेबीताईंनी एकशे तीस. लिलावाची बोली चढावी तसा एकेकीचा मेंदू चढत होता आणि अध्यक्ष प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते. मी लिहीत होतो.

कौसल्याबाईंची एस.टी. उशिरा आली. ओसरी रिकामी झालेली. त्यांना कुणी काही सांगितले नाही. पायांवरची धूळ झटकून त्या आत आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. भगवानरावांनी घड्याळ पाहत विचारले, "बाई, तुमचा बुद्ध्यंक?"

"छप्पन्न."

"किती?"

"छप्पन्न, साहेब. सत्तावन्न नाही जी." बाईंची मान ताठ झाली. "गावातले बाकीचे मागून झाले. आमचे मामाजी पह्यल्याच खेपेले नागपूरले गेलते."

हास्याचा जो कल्लोळ झाला तो मला आजही ऐकू येतो. बाईंनी ऐकला होता तो शब्द बुद्ध्यंक नव्हता, बुद्धांक होता; बुद्धाचा अंक, म्हणजे दीक्षेचे साल. सरकारी कचेऱ्यांतून धर्म कधी बदलला याची चौकशी वारंवार होत असे, आणि त्यांच्या वस्तीत छप्पन्नचे कोण व सत्तावन्नचे कोण, हा मानाचा प्रश्न होता. ऐकलेल्या प्रश्नाला बाईंनी अचूक उत्तर दिले होते. मी अध्यक्षांना हे समजावू लागलो. "गुरुजी, तुम्ही लिहा," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी शेरा सांगितला: 'उमेदवार स्वमुखाने मंदबुद्धी असल्याचे कबूल करते. शिफारस नाही.'

बाई पायऱ्या उतरत असताना मी त्यांना गाठले आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला. त्या पायरीवरच थांबल्या.

"म्हनजे ते मले बयाड, येडी समजून हासत होते?"

"होय. तुम्ही एक अर्ज द्या. ऐकण्यात चूक झाली, क्षमा असावी, असा. मी लिहून देतो."

"क्षमा कायले?" त्या एकदम वळल्या. "म्या खोटं सांगतलं काय? गुरुजी, त्या दुसऱ्या बायांचा कोनं मोजला?"

"कोणीच नाही."

"अन् साहेबाचा?"

"त्यांचा त्यांनीच सांगितला."

"त्याईच्या जिनिंगात आम्ही कापसाची बंडी जुंपून जातो. बंडीवर बसून म्हना, माहा कापूस इतका भरते. मानतेत का थे? काट्यावर टाकाच लागते. मंग डोस्क्याचा काटा कुठी हाय, थे लिहा अर्जात. क्षमा नोका लिहू."

मी तसेच लिहून यवतमाळला पाठवले. आयुष्यात मी पुष्कळ तक्रारी लिहिल्या. बहुतेकींना पोचसुद्धा आली नाही. या तक्रारीला मात्र यवतमाळहून माणूस आला: प्रशिक्षण वर्गावर मानसशास्त्र शिकवणारे, नागपूरकडचे एक प्राध्यापक, शिफारशी तपासण्याचा अधिकार आणि बगलेत चाचणीच्या पुस्तिका घेऊन. समिती पुन्हा बसली. कौसल्याबाईंना बोलावले होते.

प्राध्यापक शांतपणे बोलले. "हा आकडा म्हणजे मेंदूचे वजन नव्हे. एका ठरावीक चाचणीत, आपल्या वयाच्या लोकांच्या तुलनेत, त्या दिवशी माणूस कुठे उभा राहिला, एवढेच तो सांगतो. शिवाय ही चाचणी शहरातल्या मुलांवरून बसवलेली आहे. खेड्यातल्या बाईला ती कितपत लागू पडेल याची मलाच शंका आहे. आणि जो आकडा माणूस स्वतःच सांगतो, तो तर बुद्ध्यंकच नव्हे. ती त्याची स्वतःविषयीची इच्छा असते. पण बाईंवरचा ठपका जावा म्हणून त्यांची तयारी असेल, तर मी आजच चाचणी घेईन."

सर्वांनी बाईंकडे पाहिले.

"माही तयारी हाय," बाई म्हणाल्या. "पन पह्यले साहेब बसतीन. त्याईचं एकशे पंचेचाळीस काट्यावर टाका. मंग मी बसतो."

प्राध्यापकांनी एक पुस्तिका खरोखरच अध्यक्षांपुढे सरकवली. भगवानरावांनी ती उघडली, पहिल्या पानावरच्या आकृत्यांकडे पाहिले आणि मिटली. "मला जिनिंगवर जायचं आहे. गाड्या उभ्या आहेत." दुसऱ्या सभासदांनी चष्मा घरी राहिल्याचे सांगितले, तो त्यांच्या खिशातून डोकावत होता.

"मग या रकान्यातला एकही आकडा मोजलेला नाही," प्राध्यापक म्हणाले. "रकाना रद्द. शिफारस परीक्षेतल्या गुणांवर आणि कामावर होईल." ते माझ्या हातून कागद घेऊन एकेक आकडा खोडू लागले. एकशे दहा गेले, एकशे वीस गेले, एकशे तीस गेले. त्यांची लेखणी खालच्या ओळीवर आली, तेव्हा बाईंनी कागदावर तळहात ठेवला.

"हा नोका खोडू."

"बाई, हा तुमच्याच विरुद्ध जातो."

"जाऊ द्या. तेवढा खरा हाय."

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "खरा आहे." त्यांनी शेरा खोडला, आकडा ठेवला आणि खाली शिफारशीची सही केली. तो कागद आजही दप्तरात तसाच आहे.

बाई यवतमाळला गेल्या, प्रशिक्षित होऊन परतल्या आणि फुलसावंगीच्याच शाळेत कायम झाल्या. त्यांना एवढ्यासाठी लढावे लागले याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. त्या समितीवर पुढे मला बोलावले गेले नाही. भगवानराव अद्याप अध्यक्ष आहेत.

गेल्या वर्षी फुलसावंगीला बक्षीस समारंभासाठी ते पाहुणे म्हणून आले होते. मुलांना प्रोत्साहन देताना ते म्हणाले, "माझ्याकडेच पाहा. माझा बुद्ध्यंक एकशे पन्नास."

शिक्षकांच्या रांगेतून, मुलांना गप्प बसवताना वापरतात त्याच स्वच्छ आवाजात, कौसल्याबाई म्हणाल्या, "पाच वाढले जी. काट्यावर टाकले का?"

मागच्या बाजूला कापूसवाले शेतकरी बसले होते. आधी ते हसले.