धुराला वाट, वाऱ्याला जनेल

तापलेल्या काचेला वास नसतो, असे म्हणतात. मला तो येतो. नुकत्याच सफेदी केलेल्या भिंतीवर दुपारचे ऊन पडावे तसा कोरडा, किंचित गोडसर, घशाच्या तळाशी जाऊन बसणारा. त्यातला काही भाग काचेचा नसेलही. पोलादी सळईला काच चिकटून बसू नये म्हणून मी तिला पांढऱ्या मातीचा पातळ लेप देते, त्याचा असेल. ज्योतीतल्या गॅसचा असेल. पण तो वास आठवला की त्याच्यामागोमाग एक आवाज येतोच. आधी लांब सुस्कारा, मग डबीचे झाकण बसावे तसा एक ठोका. पुन्हा सुस्कारा, पुन्हा ठोका.

तो आवाज प्राणवायूच्या यंत्राचा. खोलीतल्या हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीवाटे देणारे हे गुडघ्याएवढे यंत्र माझ्या नवऱ्यासाठी घरात आले होते. गोव्यातल्या पाळी गावात आमचे घर रस्त्याला लागून आहे. तो खाणीच्या वजनकाट्यावर कामाला होता, आणि काट्यावरून सुटलेले ट्रक दिवसभर आमच्याच अंगणासमोरून जात. तुळशीची पाने तांबडी, दोरीवरची धोतरे तांबडी, झाकून ठेवलेल्या दुधावरची साय तांबडी. त्याची छाती पुढे कशाने बिघडली, हे कोणी खात्रीने सांगितले नाही. धूळ मात्र त्याला मुळीच सोसेनाशी झाली, म्हणून त्याच्या खाटेवरची पूर्वेकडची खिडकी आम्ही वर्तमानपत्रे आणि तपकिरी चिकटपट्टी लावून बंद केली. कालांतराने खाणी थांबल्या, ट्रक विरळ झाले, धूळ खाली बसली. खिडकी बंदच राहिली. मग तो गेला. तरीही खिडकी बंदच राहिली.

कामावर निघताना तो उंबऱ्यावरून ‘येतां’ म्हणे. माझ्या माहेरी, कोल्हापूरकडेही, निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. पण त्याच्या कोंकणीतला तो शेवटचा अनुनासिक मला फार आवडे. शब्द संपल्यावरही दारात क्षणभर उभा असल्यासारखा वाटे. इस्पितळात नेले त्या सकाळी तोंडावर मास्क होता. त्याने नुसता हात उचलला.

यंत्र उरले. मी शाळेत मुलांना मराठी कविता शिकवत असे, आणि घरी स्वतःही लिहीत असे; त्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले आणि लिहिणेही आपोआप थांबले. हातांना काहीतरी हवे होते. पणजीला काचेचे मणी करायला शिकवणाऱ्या एका शिबिरात गेले. तिथल्या शिक्षिकेने सांगितले की नुसत्या गॅसची ज्योत आळशी असते, तिला प्राणवायू द्यावा लागतो, आणि बरेच कारागीर त्यासाठी रुग्णांची जुनी यंत्रेच वापरतात. मी वहीत ते वाक्य लिहून घेतले आणि त्याच्याखाली कितीतरी वेळ काही लिहू शकले नाही.

घरी आल्यावर सिलिंडर भिंतीबाहेर ठेवून नळी आत घेतली, लोखंडी पत्रा ठोकलेले टेबल पश्चिमेच्या भिंतीशी लावले आणि त्या भिंतीला पाठ करून बसले. समोर खाट. यंत्र त्याच्या जुन्या जागी, खाटेच्या पायथ्याशीच. डोळ्यांवर जांभळट चष्मा चढवला की ज्योतीची पिवळी झळाळी पुसली जाते. उरते ती फक्त निळी जीभ आणि तिच्यात मधासारखा ओघळू लागलेला काचेचा गोळा. सळई सतत फिरवत राहायची. थांबली की मणी एका बाजूला झुकतो. समोर ती खाट, कानात तो सुस्कारा. दिवसातले दोन तास घरात कोणीतरी श्वास घेत होते.

मग डोके दुखू लागले. आधी कपाळाच्या कडेला, मग डोळ्यांमागे जड, ओले काहीतरी भरल्यासारखे. अंगणात जाऊन बसले की उतरे. पुन्हा ज्योतीपाशी बसले की चढे. कारण मला कळत होते. ज्योत खोलीतली हवा खाते आणि आपली खराब हवा मागे ठेवते, हे शिबिरात पहिल्याच दिवशी सांगितले होते. पण वाऱ्याची झुळूक लागली तर तापलेला मणी तडकतो, हेही सांगितले होते. मी दुसरे वाक्य सोयीने लक्षात ठेवले.

कोल्हापूरहून ताईचा फोन आला तेव्हा मी डोक्याला बाम चोळत होते. तिला त्याचा वास फोनवरूनही कसा कळतो कोण जाणे.

“बंद कर ते काचेचं खूळ,” ती म्हणाली. “मणी विकत मिळतात बाजारात.”

“मला विकत नकोत.”

“मग काय हवंय? ते मशीन कुणा गरजूला देऊन टाक. एखाद्याचा जीव वाचेल. तुझा तर जाणार आहे.”

तिचे बोलणे खोटे नव्हते, म्हणूनच लागले. मी शब्द दिला: एक पंखा बसवून घेते, तरीही शिगमो, म्हणजे इथला शिमगा, सरेपर्यंत डोके दुखायचे थांबले नाही, तर ज्योत विझवीन आणि यंत्र देऊन टाकीन. फोन ठेवल्यावर यंत्र बंद केले. घर इतके गप्प झाले की स्वयंपाकघरातल्या माठातून थेंब पडलेला ऐकू आला.

हवा बाहेर फेकणारा पंखा बसवायला गावात काम करणारा बेळगावकडचा एक मेस्त्री बोलावला. फोनवरच त्याला सांगितले, “खोलीत धूर राहता कामा नये.” तो आला, टेबलाकडे आणि भिंतीकडे पाहिले, म्हणाला, “बाई, टेबल फिरवा की. पंख्याकडं तोंड करून बसा.” मी नको म्हटले. टेबल जिथे आहे तिथेच राहील. त्याने खांदे उडवले आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीत, डोक्याच्या उंचीवर, गोल भोक पाडून पंखा बसवला. मी दुपारभर शेजारच्या खोलीत होते. संध्याकाळी तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, “आता मुंगीसुद्धा आत येत नाही बघा.”

मला ते वाक्य तेव्हाच खटकायला हवे होते.

पंखा लावला की घोंघावे. दार आपोआप ओढले जाऊन धाडकन मिटे आणि त्याच्या फटींतून बारीक शीळ वाजे. पण डोके आणखीनच दुखू लागले. चौथ्या दिवशी मी दाराच्या तळाशी पाहिले. तिथे नवी रबरी पट्टी. छताखालचा झरोका फोमने गच्च. न्हाणीच्या दाराची फटसुद्धा सिमेंटने लिंपलेली. मेस्त्रीला फोन लावला.

“अहो, सगळं बंद का केलंत?”

“आता काय ओ बाई! तुमीच सांगितलासा नव्हं, खोलीत धूळ राहायला नको म्हनून?”

“धूळ नाही हो, धूर! धूर!”

 तो पलीकडे हसला. “ह्या गावात आजवर कुनी धुराचं काम सांगितलंच नाही बघा. जो तो धुळीचंच रडतोय.”

एका अक्षराचा फरक. आयुष्यभर मुलांच्या वहीत मी अशा अक्षरांवर तांबड्या शाईने गोल केले. पण त्याच्यावर रागावता येईना. त्याच्या आधी कितीतरी वर्षे ते घर मीच बंद करून ठेवले होते. त्याने फक्त उरलेल्या फटी बुजवल्या. मी पट्टी ओढून काढली, फोम उपसला. त्याने काही होईना. फटीतून येणारा वारा दाराशीच घुटमळे आणि पंख्याला अख्ख्या खोलीची हवा ओढायची होती.

शिगमो तीन दिवसांवर आला होता. ढोल पलीकडच्या वाड्यावर घुमू लागले होते. त्या सकाळी शेजारच्या काकी आल्या. डोंगराच्या उतरणीवर त्यांची काजूची भाटी आहे. बोंडांचा रस चुलीवर चढवून त्या उर्राक, काजूची सौम्य दारू, काढतात, आणि मोसमात त्यांच्या लुगड्याला आंबूस गोड वास आणि लाकडाचा धूर यांचे एकच पूट चढते. हातात कागदात गुंडाळलेल्या दोन पोई, इथले गोल पाव, होत्या, माझ्यासाठी आणलेल्या. नवरा गेल्यापासून त्या अशाच, कारण न सांगता, काहीतरी आणून ठेवत आणि निघून जात. मी त्यांना कधी आत बसवले नव्हते.

त्या दिवशी पंख्याने दार ओढून धरले होते.

“वयनी! हें कितें गो, विमान हाडलां?” बाहेरून आवाज आला. “दार उघडूंक दोन हात लागले म्हाका!”

मी पंखा बंद केला आणि सारे सांगितले: ज्योत, डोके, धूर आणि धूळ, ताईला दिलेला शब्द. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहून नाक वर करून हुंगत होत्या, जशा रसाच्या मडक्यावर वाकून हुंगतात. मग देव्हाऱ्यातली एक उदबत्ती मागितली, पेटवली आणि म्हणाल्या, “लाय तुजें विमान.”

पंखा सुरू झाला. उदबत्तीचा धूर सरळ वर चढला, छतापाशी गोंधळला, परत खाली आला आणि माझ्या खुर्चीभोवती, नेमका तोंडाच्या उंचीवर, घोटाळत राहिला. मग कुठे रमतगमत माझ्या पाठीमागच्या भोकाकडे गेला.

“पळय,” त्या म्हणाल्या. “आदीं तुज्या नाकाक सलाम, मागीर पंख्याक.” आणि मग, थोडे थांबून, “धुंवराक वाट दिल्या. पूण वाऱ्याक खंय? भितर येवंक मेळना जाल्यार वारें भायर वतलें कशें? आमचे भाटयेक वण्टीच नात, देखून आमी जिवीं आसात.”

वारा आत आलाच नाही तर बाहेर जाणार कसा; त्यांच्या भाटीला तर भिंतीच नव्हत्या. त्या गोल फिरल्या. “हे कुडीक जनेल ना?”

 माझी नजर आपोआप त्या बंद खिडकीकडे गेली असावी. त्यांनी खाटेवरच्या वर्तमानपत्रांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि प्रथमच खाली बसल्या. खाटेवर नव्हे, जमिनीवर, भिंतीला टेकून. घाई नव्हती त्यांना. भाटीवर आंच धरणाऱ्या माणसाची ती बैठक होती.

मी सुरी आणून पट्टी कापली. वर्तमानपत्रे कधीची ठिसूळ झाली होती. बोटांत त्यांचा चुरा होई. आतल्या बाजूने खिडकीच्या चौकटीवर धुळीची एक रेघ साचलेली होती, मिरचीच्या पुडीसारखी मऊ आणि तांबडी. ती मी पुसली नाही. कडी गंजली होती. दोघींनी मिळून फळ्या ढकलल्या तेव्हा त्या एका झटक्यात उघडल्या आणि उन्हाचा चौकोन थेट त्याच्या उशीवर पडला.

वारा आला. बोंडांचा, वाळल्या पाचोळ्याचा, दूरच्या कुणाच्या तरी चुलीचा. काकींनी उदबत्ती खिडकीशी धरली. धुराची रेघ आडवी झाली, खोलीभर ताणली गेली आणि पंख्याच्या भोकात सरळ ओवली गेली, जसा दोरा मण्यात जातो.

आता फक्त टेबल फिरवायचे होते. वारा पाठीकडून यावा, खांद्यावरून जाऊन ज्योतीला ओलांडावा आणि पंख्यातून निघून जावा, तर मला पंख्याकडे तोंड करून बसायला हवे. म्हणजे खाटेकडे पाठ. मेस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि मी ज्यासाठी नको म्हटले ते एवढेच होते. मी टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभी राहिले. काकींनी दुसरी कड धरली.  माझ्या हातांकडे पाहत थांबल्या. मी उचलल्यावर त्यांनी उचलले.

शिगम्याचे दिवस गेले. मी रोज बसले, सकाळी दोन तास. मणी तडकू नये म्हणून ज्योतीच्या बाजूला पत्र्याचा छोटा आडोसा लावला, आणि झालेला मणी लगेच गरम राखेच्या डब्यात पुरू लागले. डोके दुखले नाही. ताईला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, “बरं. पण खिडकी उघडी ठेवतेस ना?”

ठेवते. पण कोणाला वाटेल की त्याने एकटेपण गेले, तर तसे नाही. पूर्वी समोर खाट होती. आता समोर भिंत, आणि तिच्यातले एक गरगरते भोक. सुस्कारा पाठीमागून येतो, आणि पाठीमागे काय आहे हे पाहायला मान वळवता येत नाही, कारण ज्योतीत काच असताना हात थांबत नाहीत. कधीकधी मला वाटते, खाटेवर कोणी उठून बसले आहे, उन्हात. मी फिरवत राहते.

एका सकाळी एक निळा मणी गोल होत आला होता. मागे यंत्राचा सुस्कारा, मग ठोका. वाऱ्याबरोबर बोंडांचा वास जरा दाट झाला, खिडकीबाहेर पाचोळा वाजला, कोणीतरी क्षणभर थांबले असावे. काकी भाटीवर निघाल्या असणार, मला ठाऊक होते.  आणि खाटेच्या वरून, माझ्या पाठीमागच्या उजेडातून, शब्द आला:

“येतां.”