मखमली झग्याची कॉलर

ग्रंथालयात तिला सगळे पोशाखबाई म्हणत. तिचे स्वतःचे कपडे बघण्यासारखे होते असं मुळीच नाही, स्वेटरची कोपरं पार विरलेली. पण जुन्या रंगभूमीवर कोण काय घालायचं हे शोधायला आलेला माणूस शेवटी तिच्याच टेबलाशी येऊन थडकायचा.

"पुस्तकं नंतर," ती बजावायची. "ती एकमेकांचं बघून लिहिलेली असतात. आधी नाटकांचे फोटो, शिंप्यांनी कापलेले कागदी नमुने बघा आणि मग कपडा. कपडा खोटं बोलत नाही."

कपडा म्हणजे जुन्या रंगभूमीवरच्या एका गायिकेचा मखमली झगा. ती गेल्यावर तिच्या लेकीनं तो ग्रंथालयाला दिला. अट एकच, धुवायचा नाही. कॉलरला आतून चेहऱ्याला लावायच्या रंगाचा नारिंगी डाग होता. अभ्यासकांना त्यावरून त्या काळची रंगभूषा कळायची. लेक मात्र अधूनमधून येऊन कॉलर नाकाशी धरायची आणि निघून जायची. पोशाखबाईनं तिला शब्द दिला होता. झगा तिनं तळहाताच्या फोडासारखा जपला. कपाटाची दुसरी किल्ली फक्त भाचीकडे होती. भाचीला तिनंच इथं चिकटवलं होतं, हाताला धरून काम शिकवलं होतं.

आणि कुंपणानंच शेत खाल्लं. भाचीच्या नाटकमंडळीला राणीसाठी झगा हवा होता. मावशी तापानं घरी पडलेली असताना तो गेला, रंगमंचावर मिरवला आणि लॉन्ड्रीतून चकचकीत होऊन परत कपाटात आला.

"स्वच्छच तर केलाय," भाची म्हणाली. "विचारलं असतं तर दिला असतास का, मावशी?"

"नसता दिला."

"म्हणून तर नाही विचारलं."

पोशाखबाईला रडूही येईना. परक्यानं केसानं गळा कापला असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

मग एका सकाळी गायिकेची लेक आली. तिनं कॉलर नाकाशी धरली, उलटी करून पाहिली.

"हा आईचा नाही."

"त्यांचाच आहे हो. धुतला गेलाय."

"तुम्ही शब्द दिलाय. तुम्ही धुऊ देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे हा दुसरा कुठलातरी. आईचा कुठं गेला? कुणाला विकलात?"

पुरावा म्हणून दाखवायला होता तो एक डाग, आणि तोच धुऊन गेला होता. पोशाखबाईनं भाचीच्या टेबलाकडे पाहिलं. पोरीचं एक वाक्य पुरलं असतं. पण ती मूग गिळून बसली, नजर कॉम्प्युटरवर.

"माझ्या भाचीनं..."

"आता त्या पोरीवर ढकलू नका," लेक म्हणाली आणि गेली. परत कधी आली नाही.

"मी बोलणारच होते, मावशी."

"किल्ली दे."

दुपारी एक विद्यार्थिनी आली. रंगमंचावरच्या पोशाखांचा अभ्यास करायचाय, सुरुवात कुठून करू, म्हणाली.

"पुस्तकांपासून," पोशाखबाई म्हणाली, आणि समोरच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवलं.