नऊशेचे शंभर

मालक गेले तव्हा मी रडले न्हाई. नवरा गेला तरी बाई रडंना, म्हणून लोकांनी नावं ठेवली. ठेवू द्या.

आज वर्ष झालं.

जालन्यात सळईच्या कारखान्यात कोळशाच्या भट्टीवर होते आमचे मालक. अर्धं आयुष्य तिथंच गेलं.

लोखंड किती तापलं ते नुसत्या रंगावरून सांगायचे. "लिंबासारखं पिवळं झालं, काढा." कधी चूक न्हाई.

मंग कोळसा बंद झाला. पाइपलाइनचा गॅस आला.

बरंच झालं. दोरीवरचं धुणं काळं व्हायचं, मी लई वैतागल्ते.

पण नवी भट्टी चारी बाजूंनी बंद, रंग बघायचं कामच न्हाई. भिंतीवर स्क्रीन. इंग्रजी आकडे.

मालक शाळेत गेलेच न्हाईत. एसटीच्या पाटीवरचे मराठी आकडे तेवढे यायचे.

पहिल्या दिवशी चपला घालता घालता म्हणले, "अगं, ते इंग्रजी आकडे एकदा दाखव की."

मी भाकरी थापून राह्यले होते. चौथी शिकलेली, लई शहाणी.

"आकडे काय, सगळीकडं सारखेच. जावा जल्दी, उशीर होऊन राह्यला."

स्क्रीनवर 900 आले.

इंग्रजी नऊ 9. आपला मराठी एक १. बघा जरा, जुळे भाऊ दिसतेत.

मालकानं वाचलं शंभर.

"भट्टी थंड पडली!" म्हणून वरडले अन् सगळं काम थांबवलं.

सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना गेटवर बसवलं.

घरी येऊन सांगितलं, तर मी बी हसले. "एवढं बी कळंना का तुम्हाला?"

"न्हाई कळलं," म्हणले. बस.

अहो, "तूच सांगितल्तं" असं म्हणायचं ना! भांडायचं एकदा. कुणाजवळ माझं नाव घेतलं न्हाई.

त्या दिवसापासून बोलणंच कमी केलं. ताटावर बसले की "मीठ दे." संपलं. मी एकटीच बडबडायचे.

आता "मीठ दे" म्हणायला बी कुणी न्हाई. टीव्ही मोठ्यानं लावून जेवते.

कारखान्यातली पोरं हायती इथं, या मोबाइलच्या ग्रुपवर. बाजारात मी दिसले की अजून म्हणतेत, "काय शंभरवाल्या काकू!" मी बी हसून पुढं जाते.

तर पोरांनो, नीट वाचा.

आकडे सारखेच असतेत हे मी सांगितल्तं. मालकानं फक्त माझं ऐकलं.

अहो, सांगितलं सगळ्यासमोर. उशीर झाला, पण सांगितलं.

निवांत ऱ्हावा. हात जोडते.